केडगावची भीती

माझी आई पेणमध्ये घरोघर जाऊन बांगड्या भरायची. आम्ही मण्यार. श्रावण लागला की तिला उसंत नसे. शाळा सुटली की टोपलीमागे मी. ही 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. एका जुन्या वाड्यात ओसरीवर आई बसायची. घरातल्या लेकीसुना हात पुढे करून भोवती बसायच्या, हसणे-खिदळणे चालायचे. मागच्या पडवीत, दाराच्या आडोशाला, एक म्हातारी बसलेली असायची. डोक्यावरून तांबडे आलवण, आत केशवपन केलेले डोके. आलवण नेसलेली दुसरी बाई मी नंतर आयुष्यात पाहिली नाही, ती बहुधा गावातली शेवटचीच असावी. आई तिच्या हातांकडे कधी बघत नसे. ती मात्र आईच्या हातांकडे एकटक बघत असे.

सगळे तिला आत्याबाई म्हणत. नवव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी परत आलेली, ती तिथेच म्हातारी झाली. मला ती सोवळ्याच्या अंतरावरून भाजलेले शेंगदाणे द्यायची, म्हणजे वरून ओंजळीत टाकायची. एकदा तिने पोस्टकार्ड जमिनीवर ठेवले आणि म्हणाली, "वाचतोस का रे, पोरा? घरातली सगळी कामात आहेत." तिच्या पुतण्याचे पत्र होते. मी अडखळत वाचले. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावले. मग आईला म्हणाली, "बरा वाचतो हो तुझा मुलगा. मला नाही कुणी शिकवलं. शिकवणार होते, पण आजी म्हणाली, विहिरीत ढकलीन पण केडगावला पाठवणार नाही. तिथे पंडिताबाई बाटवते."

आईने विचारले, "मग दुसरीकडं कुठं नव्हती का सोय?"

"होती की. पुण्याला कर्व्यांकडे. पण तिथं म्हणे लग्नं लावतात."

ती हे हसत सांगत होती. मला त्यातले काही कळले नाही. केडगाव नावाचे एखादे भयंकर ठिकाण असावे, एवढेच डोक्यात राहिले.

पुढच्या काही वर्षांतच त्या केडगावचे माणूस मला भेटले. माझे आजोळ रोह्याचे. मे महिन्यात कुंडलिका नदीत डुंबायला मिळते म्हणून आम्ही तिथे जायचो. आजीच्या शेजारच्या खोलीत एक नर्सबाई भाड्याने राहत. ख्रिस्ती, एकट्या, निवृत्तीला आलेल्या. अंगावर पांढरे पातळ, बोलणे देशावरचे. डोंगरातल्या कातकरी वाड्यांवर बाळंतपणाला बोलावले की त्या रात्री-अपरात्री कंदील घेऊन निघायच्या. आजी त्यांना मासळीचे कालवण पाठवायची, पण मला बजावून ठेवायची, "तिच्या पुस्तकाला हात लावू नको." म्हणजे भीती एका आळीची नव्हती, आमच्या मोहल्ल्यातही होतीच. अर्थात मी पुस्तकाला हात लावला. ते जाडजूड पुस्तक म्हणजे मराठी बायबल होते. शाळेतल्या धड्यांतले मराठी मला जड जायचे, आमच्या घरी कोकणी बोली. या पुस्तकातली वाक्ये मात्र कुणी समोर बसून सांगावे तशी होती.

नर्सबाईंना मी विचारले, "तुम्ही कुठल्या?" त्या म्हणाल्या, "केडगावची. मुक्ती मिशनची." मला धक्काच बसला. मी दहा वर्षांचा. सरळ विचारून टाकले, "तुम्हाला तिथं बाटवलं का हो?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, मला कुणी तिथं आणून सोडलं तेव्हा मला माझं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. बाटायला आधी काहीतरी असावं लागतं ना?"

या दोन बायका एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. एक केडगावला गेली नाही, एक तिथेच वाढली. त्या दोघींच्या मध्ये मला पुढे पंडिता रमाबाई भेटल्या, त्या कॉलेजात आणि नंतर चाळीस वर्षे ग्रंथालयांत. त्यांच्याविषयी आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते, एकतर आरतीच्या नाहीतर आरोपाच्या. मला दोन्हीत अडचण वाटते.

रमाबाईंचा जन्म 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले हा त्या काळी गुन्हाच होता. त्यासाठी त्यांना उडुपीला पंडितांच्या सभेपुढे शास्त्राधार द्यावे लागले. आई लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले, मिळेल त्या दक्षिणेवर जगू लागले. 1874 च्या सुमारास दक्षिणेत अन्नान्नदशा आली. काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, मग थोरली बहीण. उरले ती आणि भाऊ श्रीनिवास. पानेफुले खाऊन दिवस काढलेली, स्मशानात आईला न्यायला पुरेसे खांदेकरी न मिळालेली ही मुलगी 1878 मध्ये पायी भटकत कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा ती वीस वर्षांची होती. पुढची गोष्ट समजून घ्यायची तर ही भूक लक्षात ठेवावी लागते. रमाबाईंचे समाजकार्य कुणाच्या व्याख्यानातून निघालेले नाही.

1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले, परजातीत आणि परप्रांतात. 1881 मध्ये मनोरमा झाली. 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल. ती पुण्याला आली, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात हे तिने तिथे ठासून सांगितले. पुस्तकाच्या पैशातून इंग्लंड गाठले. स्वतः डॉक्टर होण्याचा मानस होता, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते दार बंद झाले. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज इथे तिने आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इथून महाराष्ट्राचे तिच्याशी बिनसले. जोतीराव फुल्यांनी मात्र 1885 मध्ये 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली. ज्या धर्मात बाईला असे वागवतात तो तिने सोडला तर दोष तिला का, असा त्यांचा एकंदर रोख.

पण ख्रिस्ती झाल्यावर ही बाई इंग्रज पाद्र्यांची मेंढरू झाली असे समजणाऱ्यांनी वाँटेजच्या मठातला तिचा पत्रव्यवहार वाचावा. काय मानायचे आणि काय नाही हे मी माझ्या विवेकाने ठरवीन, बिशप सांगतात म्हणून नाही, हा तिथला सूर आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरे असतात, त्यावर तिचा आक्षेप. आमच्या लोकांना लॅटिन कळत नाही, संस्कृत का घालू नये? तिचे शाकाहारी जेवण हादेखील मठात वादाचा विषय होऊन बसला होता. ते तिने शेवटपर्यंत सोडले नाही, पातळही सोडले नाही. मराठीत कविता लिहिणारा मुसलमान म्हणून मला हा भाग फार जवळचा आहे. "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो," अशी दाद मला आजही मिळते. देणाऱ्याच्या मनात काही नसते. तरी माझ्या मनात येते, धर्म आणि भाषा एकाच गाठोड्यात बांधायची सवय आपल्याला कुणी लावली?

1886 मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचे. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तेव्हा रमाबाई तिथे हजर होत्या. अमेरिकेत त्यांनी जे पाहिले त्यावर नंतर मराठीत एक सुंदर प्रवासवर्णन लिहिले. त्यात त्यांचे लक्ष एका गोष्टीवर खिळलेले दिसते. साध्या गृहिणी मंडळे काढतात, वर्गणी जमवतात, हिशेब ठेवतात, संस्था चालवतात. त्यांनी ते उचलले. 1887 मध्ये इंग्रजीतून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहून विकले आणि बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी केली. ठिकठिकाणी मंडळे निघाली. वर्षाला किमान एक डॉलर, दहा वर्षे देण्याचे वचन. कुणा एका धनिकाच्या मर्जीपेक्षा हजारो बायकांचा एकेक डॉलर, असा हा हिशेब होता. आजच्या संस्थाचालकांनीही तो अभ्यासावा.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले. ही तारीख निव्वळ योगायोगाची नसावी असे मला वाटते. समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. विधवा मुलींसाठी वसतिगृह आणि शाळा. दुसरी विद्यार्थिनी होती देवरुखकडची गोदूबाई, बालविधवा. 1890 मध्ये सदन पुण्याला हलले. आणि 11 मार्च 1893 रोजी याच गोदूबाईंचे लग्न धोंडो केशव कर्व्यांशी झाले. त्याच आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. काही वर्षे रमाबाईंच्या छपराखाली राहून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. 'माझे पुराण' या आत्मकथनात त्यांनी रमाबाईंविषयी आपुलकीने लिहिले आहे. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी संस्था काढली, तीच पुढे हिंगण्याला गेली. पेणच्या आत्याबाईला नाकारलेली दोन्ही दारे अशी एकमेकांना लागून होती. तिच्या आजीला एक चालले नाही म्हणून दुसरेही चालले नाही.

आता 1893 च्या वादाकडे यायला हवे, कारण तो टाळून रमाबाईंवर बोलणे म्हणजे फसवणूक. शारदासदनात धर्माचा आग्रह असणार नाही, मुली आपापले आचार पाळतील, असे कबूल केले होते, आणि ते पाळलेही जात होते. पण रमाबाई पहाटे स्वतःची प्रार्थना करायच्या, आणि दार उघडे असायचे. मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे बाहेर पडली. कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही.

कोण चुकले? तरुणपणी मी छातीठोकपणे सांगायचो, पुणे चुकले. आता तसे सांगवत नाही. ज्या बाईने सगळे गमावून ज्या देवाजवळ आसरा शोधला त्याची प्रार्थना तिने स्वतःच्या घरात दार लावून चोरून करावी, ही अपेक्षा अन्यायाची. पण ज्या मुलीला जगात दुसरे कुणीच नाही, तिला आपल्या आधारदात्रीच्या उघड्या दारातून आत जावेसे वाटणारच, आणि ती ओढ म्हणजे मोकळी निवड नव्हे, ही पालकांची शंकाही खोटी नव्हती. रानडे-भांडारकर काही सनातनी नव्हते. रमाबाईंना हा पेच पुरता दिसला होता असे मला त्यांच्या लेखनातून जाणवत नाही. इतक्या बुद्धिमान बाईच्या बाबतीत ही उणीव खटकते. मात्र 'केसरी'च्या बाजूने लिहिणाऱ्यांनी त्या मुलींना घरी नेऊन पुढे काय दिले, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे. घरी नेलेल्यांची पडवीतली पन्नास-साठ वर्षे कुणी मोजली?

1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. स्वतःच्या लहानपणची भूक त्यांना तिथे पुन्हा भेटली. मुलींना पैशासाठी पळवणारे दलाल आश्रयकेंद्रांभोवती घिरट्या घालत होते. त्या मुली घेऊन परतल्या तर पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या मुली ठेवणे अशक्य. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी आधीच शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवली होती, कारण अमेरिकेतली दहा वर्षांची वर्गणी 1898 ला संपणार होती आणि फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी असा विचार होता. त्या उघड्या माळावर मुलींना नेले. तेच मुक्तिसदन. त्याच 1897 मध्ये प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे काय हाल होतात हे त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात लिहिले. ते गव्हर्नरला झोंबले, त्याने ते खोटे ठरवले. ख्रिस्ती म्हणजे सरकारधार्जिणी, हे समीकरण त्यांना लागू पडत नाही.

मग गुजरातचा, छप्पनचा दुष्काळ आला. 1900 च्या सुमारास केडगावला दोन हजारांच्या आसपास मुली-बायका होत्या. एका बाईने चालवलेले हे अख्खे गावच म्हणायचे. विहिरी खोदल्या. शेती, गुरे, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, बेकरी, छापखाना. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवायला मनोरमा होती. 'वाईट चालीच्या' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन वेगळे. वेगवेगळ्या जातींच्या मुली एकत्र वाढत होत्या, आणि नांगरापासून खिळे जुळवण्यापर्यंत कोणते काम बाईचे नव्हे असे तिथे काही नव्हते. शारदासदन उच्चवर्णीय विधवांचे होते. दुष्काळाने रमाबाईंचे वर्तुळ शेतकरी-मजुरांच्या मुलींपर्यंत मोठे केले. मला त्यांच्या कामातले हे सर्वांत मोठे वळण वाटते. त्याविषयी वाद झाला नाही. वाद होतात ते ब्राह्मण मुलींच्या बाप्तिस्म्याविषयी.

केडगाव मात्र उघडउघड ख्रिस्ती होते. तिथे पूर्वीसारखे वचन नव्हते. 1905 मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली आणि तिची बातमी जगभर गेली. उपाशी मुलीच्या संमतीला किती अर्थ असतो, हा प्रश्न तिथेही लागू आहेच. नर्सबाईंचे उत्तर त्यावर पुरेसे आहे का, मला माहीत नाही. त्यांच्यापुरते होते.

शेवटची अठराएक वर्षे रमाबाई एकाच गोष्टीमागे होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळे बायबल मराठीत आणले. मिशनऱ्यांच्या बायबलातले मराठी संस्कृतच्या ओझ्याने वाकलेले आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे पहा, जिला संस्कृतमुळे 'पंडिता' पदवी मिळाली तीच मराठीतले संस्कृत शब्द वेचून बाजूला काढत बसली होती. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेली बाई शब्द निवडताना विचार करीत होती तो दुष्काळातून आलेल्या मुलीचा. काही ठिकाणी तिचे मराठी खडबडीत झाले आहे, हे कवी म्हणून मला दिसते. पण रोह्याच्या ओसरीत दहा वर्षांच्या मुसलमान पोराला ते विनातक्रार कळले होते.

1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर पुरे झाले होते. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. त्याची जुळणी, छपाई, बांधणी केडगावच्या बायकांनी केली. मुक्ती मिशन आजही सुरू आहे. 1989 मध्ये टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले, तोवर आत्याबाई जाऊन काही वर्षे झाली होती. तिला मी केडगावच्या नर्सबाईंबद्दल कधीच सांगितले नाही. एकदा ओठांवर आले होते, पण आईने डोळे वटारले.

नर्सबाईंना वाढवले ते छप्पनच्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या एका बाईने. ती छापखान्यात खिळे जुळवायची. लहानगीला तिने अक्षरे शिकवली ती पाटीवर नव्हे, शिशाच्या खिळ्यांवर. खिळ्यावर अक्षर उलटे असते. त्यामुळे नर्सबाईंना आधी उलटे वाचता आले, सुलटे नंतर. ती खोड त्यांची गेली नाही. माझ्या सहामाहीच्या निकालाचा कागद मी आजीपासून लपवून मांडीवर उघडला होता. समोर चहा ओतत बसलेल्या नर्सबाई मान न वळवता म्हणाल्या, "गणितात एकतीस? आणि मराठीत रे? थांब, बोट काढ, दिसू दे."